समाजशास्त्राची पदवी हातात आली, आता पुढे?

निकाल लागले की समाजशास्त्र घेतलेल्या मुलामुलींची आणि त्यांच्या पालकांची पत्रं वाढतात. एकाच आशयाची पत्रं एकत्र करून इथे सहा प्रश्न घेतले आहेत. सर्वेक्षणाच्या कामाबद्दल नीट माहिती सहसा कुठे मिळत नाही, म्हणून त्या उत्तराला जागा जास्त दिली आहे.

प्रश्न : मी बार्शीला बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे, मुख्य विषय समाजशास्त्र. सरकारी रुग्णालयातल्या समाजसेवा अधीक्षकाच्या जागेसाठी अर्ज करायचा आहे. मैत्रीण म्हणते, छाननीतच बाद होईल. खरं आहे का?

मैत्रिणीचं खरं आहे. त्या पदाला समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी लागते, म्हणजे एम.एस.डब्ल्यू. समाजशास्त्र हा वेगळा विषय धरला जातो. दरवर्षी अनेक जण इथेच अडकतात आणि परीक्षा शुल्कही परत मिळत नाही. एम.एस.डब्ल्यू.च्या विद्यार्थ्याला दोन वर्षं आठवड्यातले ठरावीक दिवस रुग्णालय, बालगृह किंवा वस्तीत देखरेखीखाली काम करावं लागतं. रुग्णालयाला तोच सराव हवा असतो.

त्यामुळे जाहिरात आली की पगाराआधी शैक्षणिक अर्हतेची ओळ वाचा. ती तीन प्रकारची असते. काही पदांना कोणत्याही शाखेची पदवी चालते. सामाजिक न्याय विभागाच्या २०२४ च्या भरतीतलं समाज कल्याण निरीक्षक हे पद असं होतं. सोबत एम.एस.-सी.आय.टी. किंवा तत्सम संगणक प्रमाणपत्र लागतं, ते आत्ताच करून ठेवा. काही पदांच्या अर्हतेत समाजशास्त्राचं नाव स्पष्ट लिहिलेलं असतं. जिल्हा परिषदेची अंगणवाडी पर्यवेक्षिका हे त्यातलं सगळ्यांत महत्त्वाचं पद. ते फक्त महिलांसाठी आहे. २०२३ च्या भरतीत समाजशास्त्र, गृहविज्ञान, शिक्षण, बालविकास, पोषण आणि समाजकार्य हे विषय त्यासाठी नमूद होते. तुमच्यासाठी पहिली तयारी याच पदाची करावी असं आम्हाला वाटतं. तिसऱ्या प्रकारात फक्त समाजकार्य चालतं. पदाच्या नावावरून यातलं काहीच कळत नाही. आदिवासी विकास विभागाने गृहपालासाठी समाजकार्य किंवा आदिवासी कल्याण यातली पदव्युत्तर पदवी मागितली होती, तर सामाजिक न्याय विभागाच्या गृहपालाला साधी पदवी पुरत होती.

‘किंवा समतुल्य’ या शब्दांवर विसंबू नका. आपली पदवी समतुल्य आहे हे अर्जदाराने म्हणून भागत नाही. त्यासाठी शासन निर्णय किंवा विद्यापीठाचं पत्र दाखवावं लागतं.

जिल्हा बाल संरक्षण कक्षातल्या जागांवरही लक्ष ठेवा. मिशन वात्सल्य या केंद्र सरकारच्या बाल संरक्षण योजनेच्या मार्गदर्शक सूचनांत समाजसेवक आणि समुपदेशक या पदांना समाजशास्त्राची पदवी चालते आणि मानधन महिना १८,५३६ रुपये आहे. पद कंत्राटी आहे, काम मनावर ताण आणणारं आहे. पण बाल कल्याण समितीपुढचा सामाजिक तपासणी अहवाल लिहायला तिथे जसं शिकायला मिळतं तसं वर्गात मिळत नाही. या जाहिराती जिल्ह्याच्या संकेतस्थळावर येतात आणि अर्जाला मुदत बऱ्याचदा थोडी असते. आठवड्यातून एकदा तरी ते उघडून पाहा.

प्रश्न : मुलगी समाजशास्त्रात बी.ए. झाली. आता एम.ए. करावं की एम.एस.डब्ल्यू.? आम्ही साताऱ्याला राहतो, मुंबईचा खर्च जड जाईल.

तिला शिकवायचं किंवा संशोधन करायचं असेल तर एम.ए. करू द्या. माणसांच्या अडचणीत रोज हात घालायची तयारी असेल तर एम.एस.डब्ल्यू. ‘दोन्हींपैकी काहीही चालेल’ असं ती म्हणत असेल, तर एक वर्ष एखाद्या संस्थेत काम करून मग ठरवावं. ते वर्ष वाया जात नाही. चांगल्या संस्थांच्या मुलाखतीत त्याबद्दल आवर्जून विचारतात.

एम.एस.डब्ल्यू.साठी पुण्यात कर्वे समाज सेवा संस्था आणि मुंबईत निर्मला निकेतन ही जुनी नावं आहेत. टाटा समाजविज्ञान संस्था १९३६ पासून मुंबईत आहे आणि तिचं ग्रामीण केंद्र तुळजापूरला आहे. तुळजापूरचा राहण्याजेवणाचा खर्च मुंबईतल्या देवनारच्या मुख्य केंद्राच्या तुलनेत बराच कमी येतो, आणि ग्रामीण विकासात काम करायचं असेल तर प्रत्यक्ष कामाचं क्षेत्र तिथे दारातच आहे. २०२४ पासून ‘टाटा’चे पदव्युत्तर प्रवेश सी.यू.ई.टी.-पी.जी. या केंद्रीय परीक्षेतून होतात. तिचे अर्ज हिवाळ्यातच भरावे लागतात. बी.ए.च्या निकालानंतर चौकशीला जाणाऱ्यांचं वर्ष हमखास जातं.

जवळच्या कॉलेजात एम.एस.डब्ल्यू. करायचं ठरलं तर प्रवेशाआधी तिथल्या दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना गाठून तीन गोष्टी विचारा: क्षेत्रकार्यासाठी कोणत्या संस्थांत पाठवतात, पर्यवेक्षक आठवड्याला भेटतात का, आणि लिहिलेले अहवाल कुणी वाचून परत देतं का. या तिन्हींची उत्तरं गुळमुळीत आली तर ती पदवी कागदावरचीच राहील. क्षेत्रकार्याशिवाय घरबसल्या एम.एस.डब्ल्यू. देऊ करणाऱ्यांना पैसे देऊ नका.

आणखी एक वाट मुलांना कुणी सांगत नाही: लोकसंख्या अभ्यास. देवनारची आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था १९५६ मध्ये सुरू झाली आणि राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण तीच करते. समाजशास्त्राच्या पदवीधरांना तिथल्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला अर्ज करता येतो. आकड्यांची भीती नसलेल्या मुलीसाठी ही आमची पहिली शिफारस राहील.

प्रश्न : चंद्रपूरहून लिहितो आहे. मला सर्वेक्षण आणि संशोधनाच्या कामात जायचं आहे. दहावीनंतर गणित सुटलं. जाहिराती ‘अनुभव हवा’ म्हणतात. सहा महिन्यांत काय शिकू आणि अनुभव आणू कुठून?

या कामाला लागणारं गणित टक्केवारी, सरासरी आणि संभाव्यतेच्या मूळ कल्पनेपुरतं आहे. ते दोन महिन्यांत येतं. प्रश्न विचारण्याची शिस्त यायला मात्र जास्त वेळ लागतो, आणि समाजशास्त्राच्या मुलांनी तिथेच उजवं ठरायला हवं.

सुरुवात नमुना निवडीपासून करा, म्हणजे सगळ्यांऐवजी नेमकं कुणाला विचारायचं हे ठरवण्यापासून. मोठ्या लोकसंख्येतून एखादं प्रमाण ९५ टक्के विश्वासपातळीवर, पाच टक्के मागेपुढे एवढ्या अचूकतेने काढायचं तर साधारण ३८५ जण लागतात. हा आकडा सगळ्यांना पाठ असतो. पण तो पूर्ण यदृच्छ, म्हणजे सगळ्यांच्या चिठ्ठ्या टाकून केल्यासारख्या, निवडीसाठी आहे हे विसरलं जातं. गावं निवडून त्यांतून घरं घेतली तर एकाच गावातली घरं एकमेकांसारखी असतात, म्हणून नमुना वाढवावा लागतो, पुष्कळदा दीडपट ते दुप्पट. दोन तालुक्यांची तुलना करायची असेल तर प्रत्येक तालुक्यासाठी वेगळा पुरेसा नमुना लागतो. ३८५ चे दोन भाग करून तुलना मांडणारे अहवाल पुष्कळ दिसतात. त्यांतल्या फरकांवर विश्वास ठेवता येत नाही.

मग घरं निवडणं. गावात २४० घरं असतील आणि २० हवी असतील, तर दर बारावं घर घ्यायचं. पहिलं घर १ ते १२ मधली चिठ्ठी उचलून ठरवायचं. त्याआधी सगळ्या घरांची यादी स्वतः चालून करायची. ग्रामपंचायतीच्या यादीत शेतातली घरं, गावाबाहेरचे तांडे आणि पालं राहून जातात, म्हणजे नेमके सगळ्यांत गरीब लोक. निवडलेल्या घराला कुलूप असेल तर शेजारचं घर घ्यायचं नाही. संध्याकाळी परत जायचं, दुसऱ्या दिवशी परत जायचं, तरी भेटले नाहीत तर ‘भेट झाली नाही’ अशी नोंद करायची. कुलूप असलेलं घर बहुतेक वेळा मजुरीला गेलेल्यांचं असतं. शेजारचं घर घेतलं की नमुन्यातून मजूरच गळतात. बीड जिल्ह्यात डिसेंबरमध्ये सर्वेक्षण केलं तर ऊसतोडीला गेलेली कुटुंबं दिसणारच नाहीत आणि मुलांच्या शाळेतल्या हजेरीचं चित्र खोटं येईल. म्हणून तारखा ठरवण्याआधी त्या भागातला हंगाम विचारायचा.

प्रश्नावलीवर सर्वांत जास्त मेहनत घ्या. ‘पाणी आणि वीज वेळेवर मिळते का?’ यात दोन प्रश्न आहेत आणि एकच उत्तर. बाईंना ‘तुम्ही काम करता का?’ असं विचारलं की ‘नाही, घरीच असते’ हे उत्तर येतं, जरी त्या सकाळी धारा काढून दुपारी निंदणीला जात असल्या तरी. त्याऐवजी ‘गेल्या सात दिवसांत शेतात, जनावरांचं किंवा मजुरीचं कोणतं काम केलंत?’ असं विचारून कामांची नावं एकेक करून वाचायची. वय विचारलं की ज्येष्ठ माणसं ५० किंवा ५५ अशी गोल संख्या सांगतात. तिथे घटनांची दिनदर्शिका उपयोगी पडते: १९७२ च्या दुष्काळात केवढे होता, १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपाआधी लग्न झालं होतं का. चंद्रपुरात तुम्हाला तिथल्या लोकांच्या आठवणीतल्या घटना शोधाव्या लागतील. उत्पन्न थेट विचारू नका. जमीन, पीक, मजुरीचे दिवस आणि दर विचारून ते काढा. मसुदा तयार झाला की १०-१५ घरांत चाचणी घ्या. मुलाखत ४५ मिनिटांच्या पुढे गेली तर शेवटच्या पानांची उत्तरं उरकलेली असतात, म्हणून प्रश्न कमी करा. एका अन्वेषकाकडून, म्हणजे घरोघर मुलाखती घेणाऱ्याकडून, दिवसाला पाच-सहापेक्षा जास्त चांगल्या मुलाखती होत नाहीत. कुणी बारा-पंधरा आणून दिल्या तर त्या तपासायलाच हव्यात.

आता साधनं. बहुतेक संस्था मोबाइलवर माहिती भरून घेतात आणि त्यासाठी कोबो टूलबॉक्स किंवा सर्व्हेसीटीओ वापरतात. कोबोचं खातं मोफत उघडता येतं. फॉर्म एक्सेलच्या फाइलमध्ये बनवायला शिका. प्रश्नांचं पान, पर्यायांचं पान, मांडणीचं पान, एवढीच तिची रचना असते. ‘मूल नाही’ म्हटल्यावर लसीकरणाचा प्रश्न पुढे येऊच नये अशा अटी त्यात घालता यायला हव्यात. प्रश्न मराठीत दिसले पाहिजेत. अन्वेषकाला इंग्रजी प्रश्नाचं जागेवर भाषांतर करायला लावलं की पाच जण पाच वेगळे प्रश्न विचारतात. विश्लेषणाला सुरुवातीला एक्सेलचं पिव्होट टेबल पुरतं. त्यानंतर ‘आर’ हे संख्याशास्त्रीय विश्लेषणाचं सॉफ्टवेअर शिका, ते मोफत आहे. एस.पी.एस.एस. किंवा स्टाटा ही तशीच विकतची सॉफ्टवेअर संस्थेकडे असतील तर तिथे शिकता येईल, त्यासाठी क्लासला मोठी रक्कम भरायची गरज नाही.

अनुभवाचं असं करा. आपल्या वॉर्डातला एक नेमका प्रश्न घ्या, उदाहरणार्थ घरकामाला जाणाऱ्या बायकांची सुट्टी आणि पगार. ६० घरांची शिस्तीत निवड करा, संमती घ्या, नावं माहितीपासून वेगळी ठेवा. एक पानाची प्रश्नावली, दोन नीट तक्ते आणि चार पानांचा अहवाल एवढं तयार झालं की तो अर्जाला जोडा. नमुना कसा निवडला आणि कुठे चुकला याचा एक परिच्छेद त्यात असलाच पाहिजे. मुलाखत घेणारा सगळ्यांत आधी तोच वाचतो. शिवाय ‘प्रथम’ या संस्थेच्या ‘असर’ या मुलांच्या शिक्षणाविषयीच्या सर्वेक्षणात जिल्ह्याजिल्ह्यांतल्या संस्था आणि कॉलेजांचे विद्यार्थी स्वयंसेवक म्हणून घेतात. प्रशिक्षण मिळतं आणि प्रमाणपत्रावर नाव येतं. कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची फेरी निघाली की क्षेत्रकामाचं कंत्राट मिळालेल्या संस्था काही महिन्यांसाठी अन्वेषक घेतात. बाजार संशोधनाच्या कंपन्यांतही सुरुवात तिथूनच होते. अन्वेषक, मग पर्यवेक्षक, मग संशोधन सहायक अशी ही पायरी आहे. पर्यवेक्षकाने दहा टक्के घरांत पुन्हा जाऊन दोन-चार प्रश्न ताडून पाहायचे असतात. ते काम मन लावून करणारा माणूस संस्थेला सोडवत नाही.

जनगणनेचं पुष्कळांनी विचारलं आहे. २०२७ च्या जनगणनेत प्रगणक म्हणून मुख्यतः शिक्षक आणि सरकारी कर्मचारीच नेमले जातात. ‘जनगणनेत नोकरी’ म्हणून पैसे मागणाऱ्यापासून दूर राहा.

प्रश्न : पिंपरी-चिंचवडला राहतो. इथे इतके कारखाने आहेत. कंपन्यांत समाजशास्त्राला कुणी विचारतं का?

दोन ठिकाणी विचारतात. पहिलं कामगार कल्याण अधिकारी. १९४८ च्या कारखाना अधिनियमात ५०० किंवा त्याहून जास्त कामगार असलेल्या कारखान्यात हा अधिकारी नेमणं सक्तीचं होतं. नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झालेल्या व्यावसायिक सुरक्षा संहितेने ही मर्यादा २५० वर आणली, त्यामुळे जागा वाढायला हव्यात. मात्र नुसत्या बी.ए.वर हे पद मिळत नाही. कामगार कल्याण किंवा श्रम अभ्यासातली मान्यताप्राप्त पदविका वा पदवी लागते. मुंबईत परळला नारायण मेघाजी लोखंडे महाराष्ट्र श्रम विज्ञान संस्थेत तिचं शिक्षण मिळतं. प्रवेशाआधी तो अभ्यासक्रम राज्याच्या नियमांतल्या यादीत आहे का हे पाहून घ्या.

दुसरं ठिकाण कंपन्यांचा सामाजिक उत्तरदायित्व निधी, म्हणजे सी.एस.आर. कंपनीत बसून निधी वाटणाऱ्या जागा मोजक्या असतात आणि त्यांवर व्यवस्थापन शिकलेले असतात. काम आहे ते मूल्यमापनात. जानेवारी २०२१ च्या नियमांनुसार ज्या कंपनीचं सरासरी सी.एस.आर. दायित्व १० कोटी किंवा त्याहून जास्त आहे, तिला एक कोटी व त्यावरच्या प्रकल्पांचं परिणाम मूल्यमापन स्वतंत्र संस्थेकडून करून घ्यावं लागतं. ते करणाऱ्या संस्था पुण्या-मुंबईत आहेत आणि त्यांना वर सांगितलेलं सर्वेक्षणाचं कौशल्य असलेली माणसं लागतात. भूसंपादनाच्या २०१३ च्या कायद्यातला सामाजिक परिणाम अभ्यासही याच जातीचा. महाराष्ट्राने २०१८ च्या दुरुस्तीने काही प्रकल्पांना त्यातून सूट दिल्यामुळे राज्यात ते काम आटलं. जागतिक बँकेच्या पैशावरच्या प्रकल्पांत मात्र पुनर्वसन आणि सामाजिक बाबींचा तज्ज्ञ अजूनही लागतो.

प्रश्न : एम.पी.एस.सी.ला समाजशास्त्र वैकल्पिक विषय घ्यावा का? पदवीला होताच, तर सोपा जाईल असं वाटतं. (परभणी)

घ्या, पण सोपा जाईल म्हणून नको. राज्यसेवा मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाली. गुणवत्तेत धरल्या जाणाऱ्या १७५० गुणांपैकी ५०० वैकल्पिक विषयाचे आहेत, २५० चे दोन पेपर. यू.पी.एस.सी.चीही रचना तशीच, त्यामुळे एक तयारी दोन्हीकडे चालते. मुख्य परीक्षेची उत्तरं दोन्हीकडे मराठीत लिहिता येतात. यू.पी.एस.सी.ची पूर्वपरीक्षा मात्र फक्त हिंदी आणि इंग्रजीत असते.

यू.पी.एस.सी.च्या अभ्यासक्रमाला धरून वाचा. पहिल्या पेपरात मार्क्स, दुर्खीम, वेबर, पार्सन्स, मर्टन, मीड हे विचारवंत आणि संशोधन पद्धती. दुसऱ्यात भारतीय समाज, आणि त्याची सुरुवातच घुर्ये, श्रीनिवास, अ. र. देसाई या तिघांपासून होते. घुर्ये १९२४ पासून मुंबई विद्यापीठाच्या समाजशास्त्र विभागाचे प्रमुख होते आणि उरलेले दोघे त्यांचे विद्यार्थी. गुरूची भारतविद्येची, म्हणजे प्राचीन ग्रंथांतून समाज समजून घेण्याची, दृष्टी सोडून श्रीनिवास प्रत्यक्ष गावात राहून अभ्यासाकडे आणि देसाई मार्क्सवादाकडे का वळले, हे धरून वाचलं तर तिघंही एकदमच समजतात.

पदवीला विषय असलेल्यांचे गुण जातात ते एकाच कारणाने: उत्तर निबंधासारखं होतं. आंतरजातीय विवाहावर प्रश्न आला की ‘समाज बदलत आहे, शिक्षणाने जागृती आली आहे’ अशी पानभर वाक्यं येतात. हे उत्तर विषय न घेतलेलाही लिहील. आंतर्विवाह (आपल्याच जातीत लग्न) म्हणजे काय, तो जातीची सीमा कशी राखतो, घुर्यांनी जातीची लक्षणं मांडताना त्याला कुठे ठेवलं, आणि आजचं एखादं उदाहरण, एवढं दीडशे शब्दांत बसलं तर १० गुणांचं उत्तर होतं. रोज असं एक उत्तर घड्याळ लावून लिहा आणि कुणाला तरी तपासायला द्या. पात्र असाल तर बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या मोफत प्रशिक्षणाच्या जाहिराती पाहत राहा, त्यांत विद्यावेतनही असतं.

प्रश्न : एम.ए. झालं, ५७ टक्के आहेत. प्राध्यापक व्हायचं आहे. नेट द्यावी की सेट? मी सावंतवाडीची, गोव्यातही नोकरी चालेल.

दोन्ही द्या. दोन्ही सहायक प्राध्यापकपदाच्या पात्रता परीक्षा आहेत, नेट देशपातळीवरची आणि सेट राज्यपातळीवरची. सेट सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेतं आणि ती महाराष्ट्र व गोवा या दोन्ही राज्यांत चालते, म्हणजे तुमच्या सोयीची. प्रश्नपत्रिका मराठीतूनही असते, तर नेटची फक्त हिंदी-इंग्रजीत. खुल्या प्रवर्गाला एम.ए.ला ५५ टक्के लागतात, ते तुमचे आहेत. नेटमध्ये पहिला पेपर ५० प्रश्नांचा, दुसरा १०० प्रश्नांचा, प्रत्येक प्रश्नाला दोन गुण, एकूण तीन तास, आणि चुकीला गुण कापत नाहीत. म्हणून एकही प्रश्न कोरा सोडू नका. पहिल्या पेपरातले तक्तावाचन आणि तर्काचे प्रश्न समाजशास्त्राची मुलं सोडून देतात आणि थोडक्या गुणांनी हुकतात. नेटमधून कनिष्ठ संशोधन पाठ्यवृत्ती मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना ३७,००० आणि पुढे ४२,००० रुपये मिळतात. या पाठ्यवृत्तीला वयाची अट ३० आहे, महिलांना पाच वर्षांची सवलत.

२०२३ च्या दुरुस्तीनंतर सहायक प्राध्यापक होण्यासाठी पीएच.डी. सक्तीची राहिली नाही, नेट किंवा सेट पुरते. पण अनुदानित कॉलेजांत पूर्णवेळ जागा क्वचित निघतात. मूळ वेतन ५७,७०० पासून असलं तरी तिथवर पोचण्याआधी बहुतेकांना तासिका तत्त्वावर शिकवावं लागतं. त्यात घेतलेल्या तासांपुरतंच मानधन, तेही उशिरा, आणि उन्हाळ्यात काहीच नाही. तासिकेवर गेलात तर किती वर्षं थांबायचं हे आधीच ठरवा आणि सोबत बी.एड. करून ठेवा. अकरावी-बारावीला समाजशास्त्र हा विषय आहे आणि त्या शिक्षकपदाला एम.ए.सोबत बी.एड. लागतं. केंद्रीय विद्यालयाच्या माध्यमिक सामाजिक शास्त्राच्या जागेसाठी मात्र अर्ज करू नका. तिथे पदवीला इतिहास, भूगोल, अर्थशास्त्र, राज्यशास्त्र यांपैकी दोन विषय लागतात, त्यांतला एक इतिहास किंवा भूगोल, आणि समाजशास्त्र त्या यादीत नाही.